पडला म्हणजे संपला?

मंडळी, या शनिवारी कोड नाही, कुस्ती. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी पुढच्या आठवड्यात यावं, राग नाही.

आमच्या लातूर-नांदेडकडे पारावर एक निकाल कायम तयार असतो. नाव असलेला मल्ल नवख्याकडून चितपट झाला की लगेच, "संपला तो!" आणि जिंकणारा? तो रात्रीत वाघ. दोन्ही निष्कर्ष एकाच कुस्तीवरून! ऑफिसात एका टेस्टवरून कोणी असा रिपोर्ट दिला तर आपण त्याला जेवणाच्या सुट्टीपर्यंत सोडणार नाही. इथे मात्र माना डोलावतो.

जानेवारी 2020 घ्या. बालेवाडीत महाराष्ट्र केसरी. आदल्या वेळचा विजेता बाला रफिक शेख माउली जमदाडेकडून पडला. 2017 चा केसरी अभिजीत कटके हर्षवर्धन सदगीरकडून हरला. पेपरवाल्यांच्या भाषेत 'धक्कादायक निकाल'. पुढे आमच्या लातूरच्या शैलेश शेळकेने त्याच जमदाडेला हरवलं आणि फायनलला सदगीरशी 3-2 असा, फक्त एका गुणाने हरला. सदगीरने त्याला खांद्यावर उचलून घेतलं तो फोटो तुम्ही पाहिलाच असेल. दोघेही काका पवारांचे पठ्ठे, आणि काका स्वतः लातूर जिल्ह्यातले.

आता सांगा, शेळकेचा नंबर कितवा? केसरीला पाडणाऱ्याला त्याने पाडलं, आणि दुसऱ्या केसरीला पाडणाऱ्याशी एका गुणाने गेला. आपल्याकडे याचं उत्तर नाही, कारण नंबरच नाहीत. गदा आहे किंवा नाही. शून्य किंवा एक. इतकं बायनरी तर आम्ही संगणकवालेही नसतो हो.

बुद्धिबळात अर्पाड एलो या प्राध्यापकाने यावर साधा हिशोब काढला. तुम्ही समोरच्यापेक्षा 400 गुणांनी वर असाल तर 11 डावांतले 10 डावांचे गुण तुमचे धरले जातात. तरी हरलात तर, एका डावाला जास्तीत जास्त 20 गुणांची हालचाल ठेवली असेल तर, साधारण 18 गुण जातात. बरोबरीच्याशी हरलात तर 10. म्हणजे धक्क्याची किंमत मोजावी लागते, पण दिवाळं निघत नाही. पुढचे डाव खेळा, खरे असाल तर परत वर याल.

बॉक्सिंगचे हेवीवेट बघा. एप्रिल 2001 मध्ये हसीम रहमानने लेनॉक्स लुईसला दक्षिण आफ्रिकेत झोपवला. नोव्हेंबरात लुईसने त्याला झोपवून पट्टा परत घेतला. उलट बस्टर डग्लसने फेब्रुवारी 1990 मध्ये टोकियोत टायसनला पाडलं, आणि त्याच वर्षी होलिफिल्डसमोर तिसऱ्या फेरीत आडवा झाला. धक्का खरा की अपघात, हे पुढच्या लढती सांगतात. पण हेवीवेटवाले वर्षाला एक-दोनदाच उतरतात, त्यामुळे त्यांच्या क्रमवारीत अंदाजच फार.

आपलं तसं नाही! जत्रांच्या हंगामात आपला मल्ल गावोगाव लढतो. लोह्याजवळची माळेगावची खंडोबाची यात्रा असो की कुठलं खेड्यातलं मैदान, माहितीचा नुसता पूर. आणि आपण ती नोंदवतच नाही. इनाम वाटलं, फेटा बांधला, संपलं.

याचा तोटा कोणाला? जोड लावताना आणि इनाम ठरवताना नाव बघतात, म्हणून ज्याचं नाव झालं तो तगड्या नवख्याशी लढायला का तयार होईल? जिंकला तर काही मिळत नाही, हरला तर 'संपला'. आणि नवख्याला मोठी जोड मिळत नाही तोवर घरचे म्हशी आणि बदामाच्या खर्चाखाली पिचतात. वर नोकरीचाही प्रश्न आहे. तीनदा केसरी झालेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी पोलीस उपअधीक्षक झाले, उत्तमच झालं. पण एका गुणाने राहिलेल्याला दाखवायला कागद कुठला?

"गदा ही गदा असते, त्यात आकडेमोड नको" असं म्हणणारे भेटतात. बरं. मग नोव्हेंबर 2023 चं काय करायचं? संघटना दोन, स्पर्धा दोन. फुलगावला सिकंदर शेखने शिवराज राक्षेला फायनलला काही सेकंदांत पाडलं, आणि त्याच महिन्यात धाराशिवला राक्षेने सदगीरला हरवून गदा घेतली. एकच माणूस, एकच महिना, केसरी झालाही आणि फायनल हरलाही. गदेकडे बघून लावा आता क्रम.

आणि आमचे हरिश्चंद्र बिराजदार मामा! रामलिंग मुदगडचे, 1969 चे महाराष्ट्र केसरी. 1977 मध्ये बेळगावात त्यांनी सतपालला अस्मान दाखवलं. पुढे 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये सतपालने सुवर्ण मिळवलं. म्हणजे बेळगावच्या त्या कुस्तीचं वजन पाच वर्षांनी वाढलं. नोंद असेल तर हा हिशोब मागे जाऊनही करता येतो. मामांची कुस्ती लोकांच्या तोंडी राहिली म्हणून टिकली. त्याच मैदानातल्या बाकीच्या जोडींचं काय?

मागणी फार मोठी नाही. प्रत्येक मैदानाच्या पंचांनी एक कागद भरावा: कोण, कोणाशी, वजन किती, निकाली की गुणांवर की बरोबरीत, किती मिनिटं. तेवढं मिळालं तर क्रमवारीचा प्रोग्राम एका रविवारात होतो, आणि मी तो फुकट लिहून देतो. सुरुवात माळेगावपासून करू. तिथल्या यात्रा समितीत कोणाची ओळख असेल तर सांगा राव.