पाचशे चौरस फुटांचा न्याय

दिवाळीत कटू बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. फराळाच्या ताटात चकली काटेरी असलेली चालते; बोलणे मात्र करंजीसारखे, आत गोड हवे! वाचकहो, यंदा हा संकेत मी मोडणार आहे, आणि त्याचा दोष आमच्या दाजींकडे जातो.

गेल्या भाऊबीजेला मी भाईंदरहून दहिसरला ताईकडे गेलो. मध्ये स्टेशन एकच, मीरा रोड. ओवाळून झाले, तबकात ओवाळणी पडली, आणि चहाचा कप पुढे सारीत दाजी म्हणाले, "काय मेहुणे, घरपट्टी भरलीत का? आम्हांला बुवा 2022 पासून ती भानगडच नाही!"

"सणाच्या दिवशी कशाला हो चिडवता त्याला?" ताई म्हणाली.

मी हसलो. पण परतीच्या गाडीत ते हसू मावळले.

ताईचे घर चारशे चौरस फुटांचे, माझेही तेवढेच. दाजी फोर्टात नोकरीला, मीही फोर्टात. फरक एवढाच, की दाजींनी घर घेतले तेव्हा दहिसर नोकरदाराच्या ऐपतीत होते. मी घर पाहायला निघालो तोवर ते हाताबाहेर गेले होते, म्हणून मी आणखी दोन स्टेशने खाडीकडे सरकलो. आज दाजींच्या घराचे मोल माझ्या घराच्या कितीतरी वर आहे. तरी कर माफ झाला तो त्यांना, आणि बिल येते ते मला! हा न्याय कोणत्या शास्त्रातला?

शास्त्र नव्हे, नकाशा! 1957 साली मुंबईची हद्द दहिसरपर्यंत आली आणि तिथेच थांबली. पलीकडे मिठागरे, भातशेती आणि कोळीवाडे होते. तिथल्या ग्रामपंचायती एकत्र करून 1985 साली मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली आणि 2002 साली महानगरपालिका. 1991 च्या जनगणनेत पावणेदोन लाखांची असलेली ही वस्ती 2011 साली आठ लाखांवर गेली. ही माणसे काही आकाशातून पडली नाहीत. गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत ज्यांना पुढची पिढी सामावून घेता येईना, त्यांतलीच अनेक बिऱ्हाडे इकडे आली. मुंबईने त्यांना हाकलले नाही; तिने फक्त भाव सांगितला!

पुढे 1 जानेवारी 2022 रोजी मुंबईतील पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाल्याची घोषणा झाली. सुमारे 16 लाख कुटुंबांना तिचा लाभ व्हायचा होता. कायदा बदलला तो मुंबई महापालिकेचा, म्हणून माफी दहिसरच्या नाक्यावर येऊन थबकली. शिवाय माप लावले ते क्षेत्रफळाचे, किमतीचे नव्हे. मलबार हिलवरचे कोटींचे पाचशे फूट माफ, आणि भाईंदरच्या तिसऱ्या मजल्यावरचे, लिफ्ट नसलेले चारशे फूट करपात्र! वर, कर थकला तर दरमहा शेकडा 2 शास्ती.

यावर शहाणी माणसे म्हणतात, "तुमची पालिका वेगळी. तिच्याकडे मागा!" वेगळी, कबूल. पण मुंबई महापालिकेचा 2025-26 चा अर्थसंकल्प 74,427 कोटींचा आहे. ज्या कचेऱ्यांच्या करांनी ती तिजोरी भरते, त्या कचेऱ्या रोज सकाळी कोण भरतो? भाईंदरची गाडी भरते! भातसा आणि तानसा ही धरणे ठाणे जिल्ह्यातली. त्यांचे पाणी मुंबईला जाताना त्याला कोणी नाका दाखवीत नाही. ऑक्टोबर 2024 मध्ये दहिसरच्या नाक्यावर मोटारींचा टोलही माफ झाला. पाणी जाते, माणसे जातात, मोटारी जातात. हद्दीपाशी अडते ती फक्त गरिबाची सवलत!

दुसरे शहाणे म्हणतात, "तुम्हांला घर स्वस्तात मिळाले ना?" त्यांना मी आमच्या मजल्यावरच्या वहिनींचे दार दाखवीन. यजमान अंथरुणाला खिळले, पगार थांबला, कर्जाचे हप्ते थकले. तीन महिने हप्ता थकला की कर्ज थकीत ठरते. मग 2002 च्या कायद्याने 60 दिवसांची नोटीस येते आणि पुढे दारावर ताब्याची सूचना चिकटते. ती दोन वर्तमानपत्रांतही छापतात, म्हणजे गावाला कळावे! एका वित्तसंस्थेचा तसला कागद गेल्या दिवाळीच्या आधी त्यांच्या दाराला लागला. वहिनी मला एवढेच म्हणाल्या, "भाऊजी, कंदील लावू की नको?"

स्वस्त घराचे स्वस्तपण इथे कळते. दहिसरचा गृहस्थ अडला, तर वाढलेल्या भावाने घर विकून कर्ज फेडतो आणि भाईंदरला बिऱ्हाड करतो. भाईंदरचा अडला, तर लिलावात आलेली रक्कम पुष्कळदा कर्जालाच पुरत नाही. उरलेले देणे पाठीशी येते. तो खाडी ओलांडतो, नालासोपाऱ्याला पोहोचतो. तिथे 2025 च्या आरंभापर्यंत न्यायालयाच्या आदेशाने 41 बेकायदा इमारती पाडल्या गेल्या. ही शिडी फक्त खाली उतरते, आणि प्रत्येक पायरीवर आधार कमी होत जातो. ज्याला आधार अधिक हवा, त्यालाच हद्दीबाहेर ठेवणारी दया ही दया नव्हे!

कोणी म्हणेल, मी फुकटेपणा मागतो आहे. मुळीच नाही. कर दिल्यावाचून रस्ता, दिवा, गटार होत नाही, हे मला कळते. मला माफी नको, माप हवे! घराच्या मोलाप्रमाणे कर घ्या, आणि सवलत द्यायचीच तर कमी मोलाच्या घराला द्या, मग ते नाक्याच्या कोणत्याही अंगाला असो. नियोजन आणि विकासासाठी हा सारा महानगर प्रदेश एक आहे असे शासनाने 1975 सालीच मानले, त्यासाठी प्राधिकरण उभारले. खर्चाला जो प्रदेश एक, तो सवलतीला निराळा का? लहान पालिकेला सवलतीचा खड्डा पडेल तो सामाईक तिजोरीतून भरा.

यंदाही मी भाऊबीजेला दहिसरला जाईन. दाजींशी माझे भांडण नाही. त्यांची माफी त्यांना लखलाभ असो! मात्र मुंबईकर वाचकहो, तुमच्या घरी ज्या सवलतीचे कौतुक होते, ती तुमच्याच भावाला दोन स्टेशनांवर का नाही, एवढे आपल्या नगरसेवकाला आणि आमदाराला विचारा. गेल्या वर्षी वहिनींनी कंदील लावला होता. ताब्याचा कागद दारावर तसाच होता, आणि कंदिलाच्या उजेडात तो जिन्यावरूनही वाचता येत होता.