मालेगाव : बसमधून पाहणी

पाच दिवसांची अभ्याससहल होती. नगरनियोजन शिकणारे आम्ही तीसेक विद्यार्थी, दोन सर आणि एक बस. विषय प्रादेशिक नियोजन. पुण्याहून निघायचे, संगमनेर, सिन्नर, लासलगाव, येवला, मनमाड करत धुळ्यापर्यंत जायचे आणि ही गावे एकमेकांच्या आधाराने कशी जगतात ते बघायचे. छापील वेळापत्रकात प्रत्येक गावापुढे तास लिहिले होते. मालेगावापुढे लिहिले होते, ‘बसमधून पाहणी’.

कुणी कारण विचारले नाही. वर्गात मी एकटा मुसलमान, मीही विचारले नाही. विचारले असते तर ‘सुरक्षितता’ हा शब्द आला असता आणि तो मला सगळ्यांसमोर ऐकायचा नव्हता. ही माझी भित्रेपणाची कबुली आहे, ती आधीच देऊन टाकतो.

सिन्नरला सहकारी औद्योगिक वसाहत पाहिली. लासलगावला कांद्याच्या लिलावात पोरे इतकी रमली की ठरल्यापेक्षा दीड तास जास्त गेला. ते ठीकच झाले. दिल्लीत निर्यातीचा एक निर्णय फिरला की इथल्या ट्रॅक्टरमधल्या मालाचे काय होते, हे वर्गात समजत नाही.

येवल्यात आम्ही एका पैठणी विणणाऱ्याच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत हातमाग, मागे स्वयंपाकघर. घरधनी मागावर, सूनबाई कांड्या भरत होत्या, नातू मागाखाली खेळत होता. सर खुलून बोलले. काम आणि घर एका छताखाली, येण्याजाण्याचा खर्च नाही, बायकांच्या हाताला घरातच काम, कसब आपोआप पुढच्या पिढीकडे. नियोजनकारांनी असा वारसा जपला पाहिजे, असे ते म्हणाले. आम्ही सगळ्यांनी वहीत ‘वारसा’ लिहून घेतले. मीही.

मुक्काम मनमाडला होता. एवढे मोठे रेल्वे जंक्शन, पण लॉजवाल्याने बादलीभर पाण्याचा हिशेब आधीच सांगून ठेवला. सकाळी चहाच्या टपरीवर आमच्या वर्गातल्या एका लातूरच्या मुलीने सरांना सरळ विचारले, “सर, मालेगावात का नाही उतरायचे?” सर म्हणाले, “पुढे उशीर होईल.” ती म्हणाली, “लासलगावला दीड तास गेला तेव्हा नाही झाला.” सर हसले आणि दोन तास मिळाले. जे मी मागायला हवे होते ते तिने मागितले.

नशिबाने वार गुरुवार होता. शुक्रवारी मालेगावचे माग बंद असतात. मोसम नदीच्या पश्चिमेला कॅम्प, तिथे रस्ते रुंद. पूल ओलांडून पूर्वेला जुन्या मोहल्ल्यांत शिरलो आणि मागांची खटखट सुरू झाली. १८५७ नंतर उत्तरेतून उठून आलेल्या मोमीन विणकरांनी हे गाव कापडाचे केले. हातमाग गेले, यंत्रमाग आले, घरे तीच राहिली.

एका चाचांनी आत बोलावले. खाली चार माग, वर माळ्यावर संसार. कोपऱ्यात त्यांची विधवा बहीण कांड्या भरत होती. कोरे कापड इथून राजस्थानात पाली-बालोत्र्याला रंगायला आणि छापायला जाते, हे त्यांनीच सांगितले. प्रादेशिक नियोजनाचा याहून चांगला धडा त्या सहलीत मिळाला नाही. धागा कुठून येतो, कापड कुठे जाते, मधला नफा कोणाच्या हाती राहतो, सगळे त्या माणसाला तोंडपाठ होते.

बसमध्ये परतल्यावर मी शेजाऱ्याची वही पाहिली. तिथे होते, ‘मिश्र वापर, अनधिकृत, उपद्रवी उद्योग’. चाळीस तासांपूर्वी त्याच वहीत, तशाच घरासाठी, ‘वारसा’ होते.

आता न्यायाने बोलायचे तर दोन्ही घरे सारखी नाहीत. हातमागाची टकटक आणि यंत्रमागाची खटखट यांत फरक आहे. मागांशेजारी झोपणारी मुले मोठ्याने बोलतात, कारण त्यांना हळू ऐकू येत नाही. हवेत तंतू उडत असतात, ते छातीत जातात. माग घराबाहेर गेले पाहिजेत, हे मलाही मान्य आहे. पण चार मागांच्या मालकाने औद्योगिक वसाहतीतला भूखंड कशाने घ्यायचा? आणि चाचांच्या बहिणीने कांड्या भरायला रोज तिकडे कसे जायचे? येवल्यात हेच प्रश्न आम्ही आपुलकीने विचारले होते. मालेगावात कुणाला सुचलेही नाहीत.

नकाशावर हे का दिसत नाही, याचेही कारण आहे. १९८४ च्या दांडेकर समितीने विकासाचा अनुशेष मोजताना जिल्हा हा घटक धरला. नाशिक जिल्ह्याच्या सरासरीत द्राक्षे आहेत, कांदा आहे, सातपूर-अंबडचे कारखाने आहेत. त्या सरासरीत मोसमच्या पूर्वेचे मोहल्ले विरघळून जातात. मालेगावचा वेगळा जिल्हा करा, ही मागणी इतक्या वर्षांची आहे की आता ती फक्त निवडणुकीत ऐकू येते.

हे सगळे आज लिहितोय त्याला निमित्त आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला मंजुरी दिली. तो मालेगाववरून जाणार आहे. एवढे मोठे कापडाचे गाव आजवर रेल्वेशिवाय जगले. मालधक्का कुठे होईल, त्याच्या भोवतीची जमीन कोणत्या कामासाठी राखली जाईल, पूर्वेच्या गल्लीतून कापडाचा टेम्पो तिथवर किती वेळात पोचेल, हे कागदावर ठरते तेव्हाच विचारायचे असते. १९६६ च्या नगररचना कायद्यात हरकती-सूचनांची सोय आहे. पण जाहीर सूचना जर उर्दू वाचणाऱ्या मोहल्ल्यापर्यंत पोचलीच नाही, तर हरकत कोण घेणार? आणि आपल्या शिकलेल्या पोरांनीही माझ्यासारखे गप्प बसायचे ठरवले तर?

सहलीनंतर आम्हाला नकाशे करायचे होते. निवासी पिवळा, औद्योगिक जांभळा. पूर्व मालेगावसाठी मी पिवळ्यावर जांभळ्या रेघा मारल्या. सरांनी नकाशा परत केला. बाजूला पेन्सिलीने लिहिले होते, ‘ही खूण सूचीत नाही.’ मी रेघा खोडल्या नाहीत, सूचीत एक ओळ वाढवली : ‘घर आणि माग’. मग येवल्याच्या नकाशावरही त्याच रेघा मारल्या आणि दोन्ही नकाशे एकत्र पिन करून दिले.