पिशवीत चाकू नको, सुटे पैसे हवेत

बाजारात ‘सर्व्हायव्हल किट’ म्हणून जी तयार पिशवी मिळते, ती एकदा उघडून पाहावी. घडीचा चाकू, होकायंत्र, ठिणगी पाडायची कांडी आणि चंदेरी पन्नीसारखी चकचकीत चादर. हिमवादळात रानात वाट चुकलेल्या माणसासाठी हे सामान ठीक आहे. चेन्नईत डिसेंबरातही पारा सहसा विशीच्या खाली उतरत नाही, आणि तिथल्या वेळाचेरी भागात तिसऱ्या मजल्यावर पाण्याने वेढलेल्या कुटुंबाला उत्तर दिशा शोधून करायचे तरी काय? संकटात घर सोडून पळायचे असते, असे ही पिशवी गृहीत धरते. चेन्नईतल्या बहुसंख्य इमारतींत प्रश्न घरातच अडकून दोन-तीन दिवस काढण्याचा असतो. म्हणून पिशवीत काय भरायचे हे दुकानदाराला विचारू नये. मागच्या पुरात काय, कोणत्या क्रमाने बंद पडले, ते पाहावे.

तो क्रम डिसेंबर २०१५ मध्ये साऱ्या देशाने पाहिला. नोव्हेंबरभर बरसून तलाव काठोकाठ भरलेले होते, त्यात १ डिसेंबरला पुन्हा आभाळ फाटले. चेन्नईजवळच्या तांबरमला चोवीस तासांत ४९ सेंटिमीटर पाऊस पडला. चेंबरंबाक्कम तलावातून रात्री सुमारे २९ हजार क्युसेकने पाणी सोडले गेले आणि अड्यार नदी वस्त्यांत शिरली. विमानतळ पाण्याखाली जाऊन चार-पाच दिवस प्रवासी विमाने उडाली नाहीत. १८७८ साली सुरू झालेले ‘द हिंदू’ २ डिसेंबरला छापलेच गेले नाही, कारण कामगार छापखान्यापर्यंत पोहोचू शकले नाहीत. पण घराघरांतला अनुभव याहून साधा होता. आधी वीज गेली. पाण्यात शॉक लागू नये म्हणून ती मुद्दामही बंद करावी लागते. वीज गेली म्हणून मोटर थांबली, मोटर थांबली म्हणून गच्चीवरची टाकी रिकामी झाली. जमिनीखालच्या टाकीत गटाराचे पाणी मिसळले. तळघरातला जनरेटर तर सगळ्यात आधी बुडालेला. मग मोबाइलचे मनोरे मुके झाले आणि एटीएम बंद पडली. २०२३ च्या डिसेंबरात मिचौंग चक्रीवादळाने अनेक भागांत हीच साखळी पुन्हा दाखवली.

ही साखळी डोळ्यांसमोर ठेवली की यादी आपोआप ठरते. पहिला मान पाण्याचा. पिण्यापुरते माणशी रोज तीन लिटर धरले, तर चौघांना तीन दिवसांना ३६ लिटर लागते. चेन्नईत घरोघरी वीस लिटरचा निळसर कॅन येतोच. वापरातल्या कॅनखेरीज दोन भरलेले घरात असले की हा हिशेब भागतो. त्यासाठी काही नवे विकत घ्यायचे नाही, फक्त कॅन संपल्यावर नव्हे, आधी मागवायची सवय लावायची. त्यानंतर रोजची औषधे, निदान आठवडाभराची. मधुमेह्याच्या घरी फ्रिज बंद पडला की धाबे दणाणते. पण बहुतेक प्रकारचे इन्सुलिन उघडल्यावर तीस अंशांच्या आत चारेक आठवडे टिकते, आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे मडके तेवढा गारवा राखू शकते. आपल्या इन्सुलिनचे नेमके काय, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवावे. बॅटरी, पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ, न शिजवता खाता येईल असे चुरमुरे-पोहे, ओआरएसची पाकिटे हे ओघाने आलेच. रोख रक्कम मात्र हमखास विसरली जाते. डिसेंबर २०१६ मध्ये वरदा चक्रीवादळ शहरावर आदळले तेव्हा नोटाबंदीला जेमतेम महिना झाला होता. वीज नाही म्हणून कार्ड चालेना आणि हातातली दोन हजारांची नोट कोणी मोडून देईना. आज तर भाजीवालीही क्यूआर कोड दाखवते, म्हणजे परावलंबन वाढलेच आहे. दहा, वीस, पन्नासच्या नोटांची एक पुरचुंडी कोणत्याही चाकूपेक्षा उपयोगी पडेल.

ही यादी पक्क्या घराची झाली, हा आक्षेप रास्त आहे. अड्यार किंवा कूवमच्या काठावरच्या झोपडीत राहणाऱ्याने दोन जादा कॅन ठेवायचे कुठे? त्याला खरोखरच घर सोडून निघावे लागते. त्याच्या गाठोड्यात पहिला हक्क कागदांचा: रेशनकार्ड, आधार, मुलांचे दाखले, बँकेचे पासबुक. २०१५ च्या पुरानंतर पासपोर्ट विनाशुल्क बदलून मिळाले, हरवलेल्या कागदांसाठी सरकारी शिबिरेही भरली. पण रोजंदारी बुडवून रांगेत उभे राहण्याची किंमत सर्वांना सारखी नसते. जाड प्लास्टिकच्या पिशवीला दोन गाठी मारून दाराजवळच्या खुंटीला टांगलेले कागद, एवढी तयारी झोपडीतही होते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर. महालेखापरीक्षकांच्या २०१८ मध्ये विधानसभेत मांडल्या गेलेल्या अहवालाने २०१५ चा पूर मानवनिर्मित ठरवला. पळ्ळिकरणैची दलदल आक्रसली, तलावांच्या पात्रांत इमारती उठल्या. मग नागरिकाला पिशवी भरायला सांगणे म्हणजे सरकारला मोकळे सोडणे नव्हे काय? मला तसे वाटत नाही. उत्तरदायित्व मागायला निवडणूक, न्यायालय आणि वृत्तपत्रे आहेत, आणि ते मागितलेच पाहिजे. पण त्याचा निकाल लागेपर्यंत तहान थांबत नाही. शिवाय धडधाकट कुटुंबे तीन दिवस स्वतःचे भागवू शकली, तर पहिली बोट तळमजल्यावरच्या म्हाताऱ्याकडे आणि बाळंतिणीकडे जाईल.

दहा मिनिटांत सगळे दारात येते, साठवण कशाला, असेही म्हणतात. आणणारा मुलगा दुचाकीवरून येतो आणि कमरेएवढ्या पाण्यात दुचाकी चालत नाही. २०१५ मध्ये काही भागांत दूध लिटरला शंभर रुपयांनी विकले गेले. लोक धडा घेत नाहीत असेही नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा येताच वेळाचेरीच्या उड्डाणपुलावर मोटारींची रांग लागली. गाडी वाचवायची सोय झाली. घरात प्यायला पाणी किती, हे त्यांतल्या किती जणांनी पाहिले असेल? कोकणात पावसाआधी आगोटीची बेगमी करतात, गोव्यात पुरुमेंत भरतात. तिथे याला कोणी भित्रेपणा म्हणत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पुराने वेढले, तेव्हाही वरच्या मजल्यांवर अडकलेल्यांची गरज हीच होती. चेन्नईची आगोट फक्त दसरा-दिवाळीच्या सुमारास येते. ईशान्य मोसमी पाऊस तिथे साधारण २० ऑक्टोबरला पोहोचतो. कॅन त्याआधी भरून घ्यावेत.