समजून घ्या : जिल्हा वेगळा झाला, डोंगर तिथेच राहिला

सोलापूर : पंढरपूर स्वतंत्र जिल्हा करा, ही मागणी आपल्याकडे जुनी आहे. जिल्ह्याचा पसारा ११ तालुक्यांचा. करमाळा किंवा माळशिरसहून कलेक्टर कचेरीत जायचे तर अख्खा दिवस मोडतो. पण विभाजनाने अंतर खरेच कमी होते का? त्यासाठी सातपुड्यातला नंदुरबार जिल्हा पाहायला हवा.

इंग्रजांनी १९०६ मध्ये खानदेशचे दोन भाग केले. त्यातल्या पश्चिम खानदेशचा कारभार धुळ्यातून चाले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तेव्हा या जिल्ह्यातली १५६ गावे गुजरातला गेली. नवापूर रेल्वे स्थानक तर आजही अर्धे इकडे, अर्धे तिकडे आहे. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून ६ तालुक्यांचा नंदुरबार वेगळा झाला.

मुख्यालय आले ते तापीच्या दक्षिणेला, सुरत-भुसावळ रेल्वेमार्गावरच्या सपाट भागात. धडगाव (अक्राणी) आणि अक्कलकुवा मात्र तापीच्या उत्तरेला. आधी घाट, मग पठार, तिथून नर्मदेकडे तीव्र उतार. पावसाळ्यात दरड कोसळली की चांदसैली घाट बंद होतो. रस्ता नसलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून खाली आणावे लागते. त्यात सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका राज्यातल्या ३३ गावांना बसला. ती सगळी याच दोन तालुक्यांतली. नर्मदाकाठच्या काही पाड्यांना बोटीशिवाय वाट नाही, दवाखानाही बोटीतून येतो.

याचा कारभाराशी संबंध काय? वनहक्काचेच घ्या. २००६ च्या कायद्यानुसार दावा ग्रामसभेतून उपविभागीय समितीकडे आणि अंतिम निर्णयासाठी कलेक्टरच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समितीकडे जातो. कागदात त्रुटी निघाली की डोंगरातल्या माणसाला पुन्हा घाट उतरावा लागतो. धुळ्याचा फेरा वाचला, घाट नाही वाचला.

म्हणून विभाजन फसले, असे म्हणणे चूक ठरेल. स्वतंत्र जिल्हा परिषद मिळाली, जिल्हा नियोजनाचा निधी आला, २०२० मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले. धुळ्याच्या छायेत हे कितपत झाले असते, शंकाच आहे.

आपल्याकडे सातपुडा नाही. तरी पंढरपूरला कोणते तालुके जोडायचे, हे ठरवताना नकाशावरच्या किलोमीटरपेक्षा एसटीचे वेळापत्रक आधी उघडावे. सकाळच्या गाडीने निघालेला करमाळ्याचा शेतकरी कचेरीतले काम उरकून त्याच संध्याकाळी घरी पोहोचतो का, एवढे तरी तपासावे.