चमत्कार जपले, बोलणे विसरलो

सुट्टीत मुक्ताबाईंचे चरित्र वाचत होते. शेजारच्या काकूंनी विचारले, "मॅडम, तुम्ही आणि मुक्ताबाई?" म्हटले, काकू, मेहूणला तापीकाठी त्या गुप्त झाल्या म्हणतात ना? तिथलेच पाणी खाली आपल्या प्रकाशाला येते. मग परक्या कशा?

परंपरेने जन्म 1279 चा. 1297 मध्ये वीज कडाडली आणि मुक्ताबाई दिसेनाशा झाल्या. जेमतेम अठरा वर्षांचे आयुष्य. त्यात ज्ञानदेवांच्या पाठीवर मांडे भाजल्याची कथा आहे, चौदाशे वर्षांच्या चांगदेवांचीही. वाचताना बसऱ्याच्या हजरत राबिया आठवत राहिल्या. त्यांची वफात इसवी सन 801 च्या सुमाराची मानतात. त्यांचे सर्वांत गाजलेले चरित्र फरीदुद्दीन अत्तार यांनी लिहिले, ते सुमारे चारशे वर्षांनी. काबा त्यांच्या भेटीला आला, ही कथा अम्मी सांगायची.

या कथा इतिहास म्हणून शिकवू नयेत, आणि कुणाच्या श्रद्धेची टिंगलही करू नये. माझी तक्रार वेगळी आहे. आपण चमत्कार जपले आणि या बायकांचे बोलणे विसरलो.

लोकांच्या वागण्याने दुखावलेले ज्ञानदेव ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या बहिणीने त्यांची समजूत घातली. तेच ताटीचे अभंग. चांगदेवांनी या पोरीला गुरू केले. राबियांनी लग्नाला नकार दिला. जन्नतच्या लालचेने आणि जहन्नमच्या भीतीने होणाऱ्या इबादतीवर बोट ठेवले. अत्तारांनी त्यांना पुरुष वलींच्या रांगेत बसवले आणि कारणही दिले: अल्लाह सूरत पाहत नाही, नियत पाहतो.

आज सतरा वर्षांची मुलगी मोठ्या भावाला "तुझे चुकते" म्हणाली, तर "तोंड वर करून बोलते" म्हणून तिला गप्प करतात. माझी एक हुशार विद्यार्थिनी दहावीनंतर घरी बसली. तिला पुढे शिकायचे होते. वडील भले, नमाजी. राबियांच्या कथेने त्यांचे डोळे भरून येतात. मी म्हटले, "तिला विचारलेत का?" ते म्हणाले, "मॅडम, मुलींना काय विचारायचे?"

मुक्ताबाईंच्या वारीला जाणाऱ्या घरांतही हेच ऐकले आहे. समाधीतल्या बाईपुढे मान झुकते, घरातल्या बाईचे ऐकून घेताना जड जाते.

म्हणून एवढेच सांगेन. अशी चरित्रे घरात आणा, मुलीला मोठ्याने वाचायला सांगा. वाचून झाले की तिला काय वाटले ते विचारा, आणि ती बोलेल ते पूर्ण ऐका.