पाचवीच्या पोरांना बेदाण्याचा सौदा बघू द्या

प्रति,
मा. सभापती आणि संचालक मंडळ,
कृषी उत्पन्न बाजार समिती, तासगाव

सन्माननीय महोदय,

शाळेचे पत्र म्हटले की देणगीची मागणी असणार, असे कोणालाही वाटते. आम्हाला बेंच, टीव्ही, रंगकाम यातले काही नको. वर्षातून तुमच्या दोन सकाळी हव्या आहेत, आणि त्या कशासाठी हे सांगायला हे पत्र.

मी तालुक्यातल्या एका गावात पाचवीला शिकवतो. पाचवी संपली की पोरांच्या पायाखालची जमीन बदलते. तोवर दिवसभर एकच गुरुजी किंवा एकच बाई असतात; पुढे बहुतेक ठिकाणी तासागणिक नवा माणूस वर्गात येतो. परिसर अभ्यास संपतो आणि त्याच्या जागी सामान्य विज्ञान, भूगोल, इतिहास व नागरिकशास्त्र अशी वेगवेगळी पुस्तके हातात पडतात. सहावीच्या गणितात गुणोत्तर-प्रमाण, शतमान, नफा-तोटा आणि सरळव्याज एकामागोमाग येतात. ज्या गावची शाळा पाचवीलाच थांबते, तिथल्या पोरांना एसटीचा पास काढून शेजारच्या गावी नाहीतर तासगावला यावे लागते. शिवाय 2023-24 पासून पाचवीला वार्षिक परीक्षा आली आहे. तीत अडकला तर फेरपरीक्षा, फेरपरीक्षेतही अडकला तर पुन्हा पाचवी. दहा-अकरा वर्षांच्या पोरावर हे सगळे एकदम येऊन पडते.

यावरचा आमचा उपाय म्हणजे जादा तास आणि सराव संच. त्याने गुण वाढतात, नाही असे नाही. पण सहावीत गेलेली चुणचुणीत पोरे गप्प होतात, ती अभ्यास कच्चा असतो म्हणून नव्हे. अनोळखी माणसासमोर तोंड उघडायचे, समजले नाही तर पुन्हा विचारायचे, आकडा दिसला की तो कशाचा हे शोधायचे, ही सवय त्यांना कोणी लावलेलीच नसते. आणि चार भिंतींच्या आत ओळखीच्याच गुरुजींसमोर ती लागतही नाही.

ही सवय लावायला तुमच्या बेदाणा सौद्यासारखी जागा तालुक्यात दुसरी नाही. व्यापारी नमुन्यातला मूठभर बेदाणा उचलतो, तळहातावर पसरतो, एखादा मणी दोन बोटांत दाबून बघतो, रंग उजेडाकडे धरतो आणि दर बोलतो. शेजारी उभा असलेला शेतकरी त्याच्या तोंडाकडे बघत असतो. छाटणीपासून द्राक्षे वाळवण्याच्या शेडपर्यंतची वर्षभराची राबणूक तेवढ्या वेळात आकड्यात उतरते. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरची चूल या आकड्यावर पेटते, पण तो ठरताना त्यांनी कधी पाहिलेला नाही.

पोरांनी तिथे काय विचारावे? हिरव्या आणि पिवळ्या मालाच्या दरात फरक का? पावसात सापडलेला बेदाणा काळा का पडला? शेडवर द्राक्षे रॅकवर टाकण्याआधी डिपिंगच्या पाण्यात का बुडवतात? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शेडवरचा कोणताही जाणता माणूस देईल: मण्यावरचा मेणासारखा थर सैल होतो आणि आतले पाणी लवकर उडून जाते. तिथून बाष्पीभवनाचा धडा सुरू करायला मला खडूही लागणार नाही.

गणिताचेही तसेच. ढोबळमानाने चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. म्हणजे 15 किलोच्या एका बॉक्समागे 60 किलो द्राक्षे, आणि वजनात 75 टक्के घट. गुणोत्तर आणि शतमान दोन्ही एका बॉक्सात आले. हिशोबपट्टी हातात दिली की वजन, दर, वजावट आणि शेवटी हाती पडणारी रक्कम असे सगळे नफा-तोट्याचे प्रकरण समोर उभे राहते. सरळव्याजाला तर तुमचीच शेतमाल तारण कर्ज योजना आहे. वर्षाला 6 टक्के व्याजाने एक लाख रुपये सहा महिन्यांसाठी उचलले, तर व्याज किती? तीन हजार. माल आज विकावा की शीतगृहात ठेवून तारणावर पैसे उचलावेत, यावर घरी रात्री चालणारी बोलणी त्या पोराला दुसऱ्या दिवशी वेगळ्या कानांनी ऐकू येतील.

आणखी एक गोष्ट होईल. बेदाण्याच्या निवडणीला जाणाऱ्या बायांची मुले आमच्या वर्गात असतात. त्यांच्याकडे बाग नाही, पण काडी, डागी मणी, बारीक मणी हातासरशी वेगळे करणारी नजर त्यांच्या आयांकडे आहे. ती आई एक तास आमच्या वर्गात येऊन प्रतवारी शिकवेल, त्या दिवशी तिच्या पोराची मान ताठ होईल. सहावीच्या वर्गात बोलायला उठताना ही ताठ मान सराव संचापेक्षा जास्त कामी येते.

नुसत्या बारीक नजरेने काय होते, हेही या तालुक्याला शिकवायला नको. तास-ए-गणेश ही द्राक्षाची जात बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉम्पसन सीडलेसमधून निवडून काढली. इतर वेलींहून वेगळी वेल ओळखायची आणि वेगळेपण टिकते का ते बघत राहायचे, हेच तर शास्त्र. सहावीचे विज्ञानही पोरांकडून तेवढेच मागते.

गावाने शाळेच्या कामाला खांदा देणे आपल्याकडे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, ती रयतेच्याच बळावर वाढली आणि तिथली मुले श्रमाच्या कमाईवर शिकली. अगदी अलीकडे, 2022 मध्ये, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवायचा निर्णय घेतला. पोरांच्या अभ्यासासाठी सबंध गाव दीड तास गप्प बसते, तर एक बाजारपेठ दोन सकाळी बोलकी का होऊ नये? राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दप्तरमुक्त दिवस सांगितले आहेत, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांकडून शिकण्यासाठी. आमचे म्हणणे इतकेच की ही ओळख एक वर्ष आधी, पाचवीतच व्हावी. म्हणजे सहावीत पोर कोऱ्या पाटीने जाणार नाही.

तुमच्या शंका मी ओळखून आहे. सौद्याच्या गर्दीत पोरे मध्ये येतील. म्हणून एका वेळी एकच वर्ग, सोबत दोन शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे पालक. पोरांना कामाला जुंपल्याचा बोभाटा होईल. म्हणून कोणाच्याही हातात बॉक्स द्यायचा नाही, गंधकाच्या धुरीजवळ कोणाला फिरकू द्यायचे नाही. त्यांनी बघायचे, विचारायचे, वहीत उतरवायचे. तिसरी शंका तुम्ही बोलून दाखवणार नाही, म्हणून मीच लिहितो. सौद्यात बेदाण्याची उधळण दिसली, तर जमिनीवर पडलेल्या मालाचे पैसे कोण देणार, असे एखादी पोरगी विचारेल. विचारू द्या. उधळणीविरुद्ध शेतकरी इतकी वर्षे बोलत आले आहेत. पोरीसमोर उत्तर द्यायचे म्हटल्यावर कदाचित हातही आवरतील.

तेव्हा मागणे असे. पहिली सकाळ जुलैत, शाळा रुळल्यावर: सौदा बघणे आणि एका अडत्याशी अर्धा तास बोलणे. दिवाळीआधी झिरो पेमेंटसाठी, म्हणजे सगळी येणी-देणी चुकती करण्यासाठी, सौदे थांबतात. ते पुन्हा सुरू झाले की दुसरी सकाळ. त्या दिवशी नावे झाकलेल्या जुन्या हिशोबपट्ट्या पोरांना सोडवायला द्या आणि तारण कर्जाचे काम बघणारा तुमचा कर्मचारी तासभर त्यांच्यासोबत बसू द्या. फेब्रुवारीत शेडवर नेण्याचे आम्ही बागायतदारांशी बोलून बघू. जाण्यायेण्याची सोय शाळा आणि पालक करतील. पंचायत समितीच्या शिक्षण विभागाकडून रीतसर परवानगी आणणे आमच्याकडे लागले.

संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत हा विषय घ्यावा आणि पहिल्या वर्षी निदान पाच शाळांना तारखा द्याव्यात. प्रश्नांची यादी पोरे स्वतः करतील. ती आठ दिवस आधी तुमच्याकडे पोचेल, म्हणजे उत्तरांची तयारी तुम्हालाही करता येईल. ती करावी लागेल, हे आत्ताच सांगून ठेवतो.

आपला नम्र,
तालुक्यातील एक प्राथमिक शिक्षक