बंद गोबरगॅस मोडू नका, दुरुस्त करा

गोठ्यामागचा तो घुमट मोडू नका. बंद पडला म्हणून त्यात राडारोडा भरू नका. महाराष्ट्रात गावोगावी गोबरगॅसची अशी बांधकामं झुडपांत लपली आहेत, आणि त्यातली कित्येक अगदी किरकोळ कारणानं थांबलेली आहेत. नळीत पाणी साचलं, कॉक गळू लागला, टाकीतल्या शेणकाल्यावर घट्ट साय धरली, घुमटाला बारीक चीर गेली. त्याच सुमारास सिलिंडर दारात आला आणि दुरुस्ती राहून गेली.

हा सिलिंडर आज आठशे रुपयांच्या वर गेला आहे, तेव्हा हिशेब पुन्हा मांडायला हवा. दोन घनमीटरच्या सयंत्राला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार-पाच जनावरांचं. एक घनमीटर गोबरगॅस साधारण ०.४३ किलो एलपीजीचं काम करतो. रोजचे दोन घनमीटर धरले तर महिन्याचा गॅस झाला पंचवीस किलो एलपीजीच्या तोडीचा, म्हणजे १४.२ किलोचे जवळपास पावणेदोन सिलिंडर. गोठ्यात दोनच जनावरं उरली असतील तर गॅस निम्मा मिळेल. तरी महिन्याचा एक सिलिंडर जवळजवळ वाचतोच. ‘गुरं कमी झाली, आता कशाला’ असं म्हणणाऱ्या प्रत्येक घरानं हा आकडा आपल्या गोठ्याला लावून पाहावा.

आणि हा फक्त चुलीचा हिशेब झाला. गोवरी जाळली की शेणातलं नत्रही धुरात जातं. गोबरगॅसमध्ये मुख्यतः कर्बाचाच काही भाग वायुरूपानं बाहेर पडतो आणि नत्र स्लरीत शिल्लक राहतं. रोजच्या ५० किलो शेणातून वर्षाकाठी कोरड्या वजनानं अडीच टनांच्या आसपास स्लरी उरते. तिच्यात दीड टक्का नत्र धरलं तर ते युरियाच्या पावणेदोन पोत्यांइतकं भरतं. युरियाचं ४५ किलोचं पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं, म्हणून एवढ्या स्लरीची किंमत पाचशे रुपयेसुद्धा होत नाही असं वाटतं. माझ्या मते गोबरगॅसचं खरं नुकसान या हिशेबानंच केलं. पोतं स्वस्त आहे कारण त्याची बाकीची किंमत सरकार अनुदानातून भरतं. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्या वायूचा मोठा भाग आयात होतो. एलपीजीही निम्म्याहून जास्त बाहेरूनच येतो. आपली चूल आणि आपलं शेत दोन्ही समुद्रापलीकडून येणाऱ्या जहाजांवर अवलंबून आहेत, आणि दोघांना पुरवणारी टाकी परड्यात बंद पडून आहे. शिवाय स्लरीतून जमिनीत जो सेंद्रिय कर्ब जातो, तो युरियाचं कोणतंच पोतं देत नाही.

हे तंत्र आपल्याच मातीतलं आहे. १८९७ मध्ये मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्यापासून निघालेल्या वायूवर दिवे लागले होते. देहूत डॉ. सुहास मापुसकरांनी शौचालयाला जोडलेल्या बायोगॅससाठी आयुष्य वेचलं. खादी आयोगाचं लोखंडी टोपीचं सयंत्र आलं, मग १९८४ मध्ये स्वस्तातलं दीनबंधू आलं. बांधायचं कसं हे गवंड्यांना कळलं, पण सांभाळायचं कोणी हे कधी ठरलंच नाही. अनुदान बांधकामाला मिळतं. देखभालीची पाच वर्षांची हमी संपली की सयंत्राला कोणी वाली उरत नाही.

आता सगळं लक्ष मोठ्या सीबीजी (कॉम्प्रेस्ड बायोगॅस) प्रकल्पांकडे आहे. ते जरूर व्हावेत. पण ताज्या शेणात ऐंशी टक्के पाणीच असतं, आणि विखुरलेल्या गोठ्यांतून ते गोळा करून वीस-पंचवीस किलोमीटर नेणं म्हणजे डिझेल जाळून पाणी वाहणं. दोन-चार जनावरांच्या घराला गोठ्याशेजारचंच सयंत्र परवडतं.

म्हणून उठा, या महिन्यात आपल्या वाडीतल्या बंद सयंत्रांची यादी करा. कोणतं साफसफाईनं चालेल, कोणाची नळी बदलावी लागेल, कोणाला गिलावा हवा, हे जाणत्या गवंड्याला दाखवा. एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो: जुन्या टाकीत कोणीही उतरू नका, आत डोकावून काडी ओढू नका. आतल्या वायूनं माणूस क्षणात बेशुद्ध पडतो आणि त्याला काढायला उतरलेलाही परत येत नाही. टाकी उघडून बरेच दिवस हवा खेळू द्या, आणि आतलं काम अनुभवी माणसाकडूनच, पुरत्या बंदोबस्तात करून घ्या.

दूधसंस्थांच्या संचालकांनो, तुम्ही पशुखाद्याचे पैसे दूधबिलातून कापून घेता, तसाच दुरुस्तीचा हप्ता घ्या. गुजरातेत आणंद जिल्ह्यातल्या झकरियापुरा गावात बायकांनी सयंत्रं चालवून स्लरी विकण्यासाठी स्वतःची सहकारी संस्था उभी केली. सहकारात मुरलेल्या कोल्हापूर-सांगलीला हे अवघड नाही. दर पाच-सहा गावांमागे एक दुरुस्तीवाला तयार करा, त्याच्या पगाराची सोय संस्थेनं लावावी, आणि बंद सयंत्रांची यादी १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत वाचून ठराव करून घ्या.